न दिसणे आणि नसणे

एखादी वस्तू ज्ञानाचा विषय होत नाही, एवढ्यावरून तिचा अभाव सिद्ध होतो काय, हा भारतीय प्रमाणशास्त्रातील जुना आणि थेट ईश्वरविचाराला जाऊन भिडणारा प्रश्न आहे. आज तो चोपडा तालुक्यातील एखाद्या ग्रामपंचायतीच्या टेबलावरही अगदी लौकिक रूपात उभा राहू शकतो. वित्त आयोगाच्या निधीतून ई-ग्रामस्वराज प्रणालीद्वारे देयके अदा करताना सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, यांची डिजिटल स्वाक्षरी लागते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 ने वैधता दिलेल्या या स्वाक्षरीची गुप्त कळ बोटभर लांबीच्या यूएसबी टोकनमध्ये बंदिस्त असते आणि ती टोकनबाहेर येत नाही, त्यामुळे ते टोकन संगणकाला प्रत्यक्ष जोडल्यावाचून स्वाक्षरी होत नाही. संगणकावर लिनक्स असेल आणि टोकनचे सॉफ्टवेअर केवळ विंडोजसाठी मिळत असेल, तर लिनक्समध्येच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभारलेला दुसरा संगणक, चालवून त्यात विंडोज बसवण्याचा मार्ग उरतो. बाहेरच्या संगणकाला होस्ट आणि आतल्याला गेस्ट म्हणतात. टोकन खोचलेले आहे, त्याचा दिवाही लागला आहे, आणि तरी गेस्टमधील उपकरणांच्या यादीत त्याचा मागमूस नाही, अशी अवस्था या व्यवस्थेत नेहमीची आहे.

सातव्या शतकातील कुमारिल भट्टांच्या मीमांसा परंपरेने अभावाच्या ज्ञानासाठी अनुपलब्धी, म्हणजे वस्तूचे न आढळणे, हे स्वतंत्र सहावे प्रमाण मानले. नैयायिकांनी ते वेगळे न मानता अभावही प्रत्यक्षानेच कळतो असे प्रतिपादले. वाद तीव्र असला तरी एका अटीवर दोन्ही पक्ष एकत्र येतात. जमिनीवर घट नाही हे तेव्हाच कळते, जेव्हा तेथे घट असता तर तो दिसलाच असता, असे खात्रीने म्हणता येते. अंधारात घट न दिसणे हे घटाच्या अभावाचे प्रमाण नव्हे, कारण तेथे दिसण्याची सामग्रीच अपुरी असते. या अटीला योग्यता आणि ती पाळणाऱ्या न-आढळण्याला योग्यानुपलब्धी म्हणतात. सतराव्या शतकातील धर्मराजाध्वरींद्रांच्या ‘वेदान्तपरिभाषा’ या ग्रंथात याच अटीचा एक मार्मिक परिणाम नोंदवला आहे: आत्म्यातील धर्म आणि अधर्म, म्हणजे पुण्यपापाचा साठा, कोणाला दिसत नाही, तरी तेवढ्यावरून तो नाही असा निश्चय करता येत नाही.

गेस्टची रिकामी यादी ही बहुतेक वेळा अंधारातील घटाची जात असते. व्हर्च्युअलबॉक्स या प्रचलित प्रणालीत टोकन गेस्टपर्यंत पोचण्यासाठी अनेक संबंध एकामागून एक जुळावे लागतात. प्रथम होस्टला ते ओळखता आले पाहिजे, आणि ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा देऊन ते तपासता येते. मग ज्या वापरकर्त्याच्या नावाने व्हर्च्युअल मशीन चालते तो ‘व्हीबॉक्सयूजर्स’ या गटाचा सभासद असावा लागतो. तो नसेल तर होस्टवर स्पष्ट दिसणारे उपकरणही व्हर्च्युअलबॉक्सच्या हाती येत नाही, आणि सभासद केल्यावरही लॉगआउट होऊन पुन्हा लॉगिन करेपर्यंत तो अधिकार लागू होत नाही, ही बारीक गोष्ट अनेकांचा दिवस खाते. गेस्टला टोकनच्या जातीचा यूएसबी कंट्रोलर दिलेला असावा लागतो. 2022 मध्ये आलेल्या 7.0 या आवृत्तीपूर्वी यूएसबी 2.0 आणि 3.0 यांसाठी एक्स्टेन्शन पॅक निराळा बसवावा लागत असे. उत्पादक आणि उत्पादन यांचे क्रमांक पाहून उपकरण आत सोडणारा फिल्टर अनुक्रमांकापर्यंत नेमका लिहिला असेल, तर सरपंचांचे टोकन आत जाते आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांचे त्याच बनावटीचे टोकन दाराबाहेर राहते. होस्टवरील स्मार्टकार्ड सेवेने टोकन आधीच धरून ठेवले असेल तर तेही आड येते, कारण असे उपकरण एका वेळी होस्ट किंवा गेस्ट यांपैकी एकाच्याच स्वाधीन असते.

न्यायदर्शनात प्रत्यक्षासाठी आत्म्याचा मनाशी, मनाचा इंद्रियाशी आणि इंद्रियाचा विषयाशी संयोग लागतो, आणि मन अणुरूप असल्याने एका क्षणी एकाच इंद्रियाशी जोडले जाते. वरील साखळी आणि शेवटची अट यांच्याशी याचे साम्य लक्षणीय आहे. साखळी पूर्ण जुळूनही गेस्टमध्ये ड्रायव्हर नसेल तर यादीत केवळ ‘अज्ञात उपकरण’ उमटते, आणि हे दूरान्वयाने का होईना, नाव व जाती यांचा स्पर्श न झालेल्या निर्विकल्पक ज्ञानाची आठवण करून देते. होस्टला ब्रह्म आणि गेस्टला माया ठरवणारी उपमा याहून मोहक आहे, परंतु होस्ट हाही पुसून नव्याने उभारता येणारा एक संगणकच असल्याने ती दोन पावलेही चालत नाही.

रिकाम्या यादीच्या उलट, योग्यानुपलब्धीचे निर्दोष उदाहरण चोपड्याच्या दक्षिणेकडून वाहणाऱ्या तापीच्याच वरच्या अंगाला सापडते. तापी-पूर्णा संगमावरील चांगदेव या गावाशी ज्यांचे नाव जोडले जाते, त्या योगी चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना मायना काय लिहावा हे न सुचल्याने कोरे पत्र पाठवले, आणि त्याचे उत्तर म्हणून 65 ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’ रचली गेली, अशी परंपरा आहे. कागद उजेडात होता, वाचणारे डोळस होते, अक्षरे असती तर दिसलीच असती. म्हणून तेथे अक्षरांचा अभाव निःसंशय सिद्ध झाला. पासष्टीचा विषय मात्र या कसोटीपलीकडचा आहे. द्रष्टा, दृश्य आणि दर्शन या त्रिपुटीच्या मुळाशी असलेली वस्तू कोणाचेच दृश्य होत नसल्याने तिच्याबाबत योग्यतेची अट कधीच पूर्ण होत नाही, आणि म्हणून तिचे न दिसणे हे तिच्याविरुद्धचे प्रमाण ठरू शकत नाही.

दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वर दिसत नाही म्हणून नाही, या चार्वाकमताला हीच अट दाखवली, आणि न दिसणे म्हणजेच नसणे असेल तर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाने बायकामुले नष्ट झाली म्हणून ऊर बडवून घ्यावा, असा टोलाही लगावला. टोला रास्त आहे, पण त्याने फक्त निषेध अडतो; अस्तित्व सिद्ध होत नाही, आणि म्हणूनच उदयनांना त्यासाठी अनुमानांची निराळी मांडणी करावी लागली. भक्तिपर लेखनात ही दुसरी पायरी पुष्कळदा गाळली जाते.

टोकनच्या बाबतीत योग्यता निर्माण करता येते: गट, कंट्रोलर, फिल्टर, ड्रायव्हर दुरुस्त झाले की पुढची रिकामी यादी खरोखर काही सांगू लागते. अतींद्रिय विषयांबाबतही अशी दुरुस्ती योगसाधनेने होते, हा योगिप्रत्यक्ष मानणाऱ्यांचा पक्ष आहे. अनुपलब्धीला प्रमाणाचा दर्जा देणाऱ्या कुमारिलांनीच तो नाकारला. इंद्रियाची शक्ती कितीही वाढली तरी ती त्याच्या स्वतःच्या विषयाच्या मर्यादेतच वाढते, दृष्टी तीक्ष्ण झाल्याने डोळ्याला शब्द ऐकू येत नाही, हे त्यांचे उत्तर आहे. गेस्टला कितीही कंट्रोलर दिले तरी तो यूएसबीवरून येणारेच जाणेल, हे त्यांनी विनातक्रार मान्य केले असते. योगवाद्यांना मात्र योग्याचे मन हा कोणत्या जातीचा कंट्रोलर आहे, हे आधी सिद्ध करावे लागते.