‘मला पाच तास पुरतात’

आपल्याकडे कमी झोपणाऱ्या माणसाचं फार कौतुक होतं. ‘रात्री बारापर्यंत काम करतो आणि पहाटे पाचला हजर’ असं कुणाविषयी सांगताना सांगणाऱ्याची छाती फुगते. उलट आठ तास झोपणारा घरादारात कुंभकर्ण ठरतो. त्यामुळेच ‘मला पाच तास पुरतात’ हे वाक्य लोक अभिमानानं उच्चारतात. माझं म्हणणं एवढंच, की ही साक्ष ग्राह्य धरू नये. कारण अपुऱ्या झोपेनं आपण किती बिघडलोय हे ओळखण्याची कुवतही बिघडते.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2003 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यासाठी मुद्दाम आठवावा असा आहे. निरोगी प्रौढांपैकी काहींना सलग 14 रात्री चार तास, काहींना सहा तास, तर काहींना आठ तास झोपायला दिले. दिवसा त्यांची चाचणी घेतली जाई. पडद्यावर खूण दिसली की लगेच बटण दाबायचं, इतकं साधं काम. सहा तासवाल्यांच्याही चुका दिवसागणिक वाढत गेल्या आणि शेवटी शेवटी त्यांची अवस्था अख्खी रात्र जागलेल्या माणसासारखी झाली. पण ‘किती झोप येतेय?’ असं विचारल्यावर ते ‘थोडीशीच’ म्हणत. सुरुवातीच्या काही दिवसांनंतर त्यांना आपली झोप कमी पडतेय हे फारसं जाणवतच नव्हतं. सहा तास म्हणजे आपल्यापैकी कितीतरी जणांची रोजची रात्र!

1997 साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं, की सलग 17 तास जागा असलेला माणूस हात आणि डोळ्यांच्या कामात रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मागे पडतो. आपल्या कायद्यात वाहनचालकासाठी मर्यादा 0.03 टक्के आहे. पहाटे पाचला उठून रात्री दहाला घाट उतरणाऱ्या चालकाला नाक्यावर फुंकर मारायला लावतील आणि तो निर्दोष सुटेल.

मग करायचं काय? लवकर झोपायचा निश्चय बहुतेकांचा फसतो, कारण झोप हुकमानं येत नाही. उठणं मात्र आपल्या हातात असतं. जागेपणी मेंदूत अॅडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं, त्यातून झोपेचा दाब वाढतो. दुसरीकडे मेंदूतलं घड्याळ सकाळच्या उजेडानं रोज जुळवलं जातं. रविवारी दहाला उठलं की दोन्ही बिघडतात, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही आणि सोमवारची सुरुवातच पेंगत होते. उठायची वेळ सातही दिवस एक ठेवावी, उठल्यावर गॅलरीत किंवा अंगणात उजेडात जावं. झोपायची वेळ हळूहळू आपोआप मागे सरकते. चहाही झोप बिघडवतो. चहातलं कॅफीन अॅडिनोसिनची वाट अडवतं, आणि साधारण पाच तासांनीही त्यातलं निम्मं शरीरात उरतं. संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकरालाही जागाच असतो. आणि अंथरुणावर तळमळत पडण्यापेक्षा सरळ उठावं, मंद उजेडात काहीतरी वाचावं, डोळे जड झाले की परत आडवं व्हावं.

पण हे सगळं सांगताना माझं मन एका जागी अडखळतं. झोपेचे सल्ले दिले जातात एकेकट्या माणसाला, आणि झोप ठरते घराच्या रहाटीनं. रात्री साडेअकराला स्वयंपाकघरातला दिवा कुणासाठी जळत असतो? घरातल्या बाईसाठी. सकाळच्या डब्याची गवार मोडायची असते, मटकी भिजत घालायची असते, दुधाला विरजण लावायचं असतं, ओटा पुसायचा असतो. तोवर बाकीचे खोलीत मोबाइल बघत पडलेले असतात. पहाटे पाणी येतं तेव्हा उठणारीही तीच. कर्जत-कसाऱ्याहून पहिल्या गाड्या पकडणाऱ्या नोकरदार बाईला ‘झोपेची शिस्त पाळा’ असं सांगणं हा सल्ला नव्हे, अन्याय आहे. शिस्त तिच्यात कमी नाहीच. तिचे दोन तास घरातल्या सगळ्यांनी मिळून खाल्ले आहेत.

गावाचाही यात वाटा असतो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2012 साली झोपेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला. तरीही लग्नसराईत आणि उत्सवात झोपेचं खोबरं होतं, आणि तक्रार करणाराच वाईट ठरतो.

चरकसंहितेत झोपेला आहाराच्या बरोबरीनं शरीराचा आधार मानलं आहे. आपल्या घरांनी आहाराचा मान राखला. परगावच्या मुलाला आई फोनवर ‘जेवलास का?’ विचारते. झोपेची चौकशी कुणी करत नाही. घोरणाऱ्याला तर गाढ झोप लागली असं समजून सोडून देतात. मोठ्यानं घोरताना मध्येच श्वास अडकत असेल आणि दिवसा पेंग येत असेल, तर त्याला डॉक्टरकडे न्यायला हवं.

आज रात्री एवढं करा: जेवणं झाल्यावर उद्याच्या डब्याची भाजी घरातल्या सगळ्यांनी मिळून निवडा, आणि स्वयंपाकघरातला दिवा दहाच्या आत मालवा.