पाटे की बलून?

वाशीमहून रात्री पुण्याकडे निघणाऱ्या ट्रॅव्हल्सचे तिकीट काढताना जाणता प्रवासी सीट कोणती ते नंतर विचारतो, गाडी बलूनची आहे का ते आधी विचारतो. पाट्याची गाडी म्हणजे हाडे खिळखिळी, बलूनची म्हणजे झोप, हा हिशेब आता सगळ्यांना पाठ आहे. २००१ च्या सुमारास व्होल्वोच्या बस भारतात आल्या, मुंबई-पुण्याच्या शिवनेरीने त्या मराठी माणसाच्या ओळखीच्या केल्या, आणि हवेवर तोललेली गाडी तीच चांगली, असा समज पक्का झाला. त्यामुळे कोणी जुनी बस किंवा ट्रॅव्हलर घेऊन तिचे फिरते घर करायला निघाला, की पलंग, ओटा, पाण्याची टाकी यांच्या जोडीला ‘एअर सस्पेन्शन’ही यादीत येते. माझे म्हणणे असे, की बसला हवा लागते त्याचे जे खरे कारण आहे, ते घराला लागूच पडत नाही. पण हे पटायचे तर बलून नेमके काय करतो ते आधी सावकाश पाहिले पाहिजे.

सुरुवात पाट्यापासूनच करू. पोलादी पाट्यावर, म्हणजे एकावर एक रचलेल्या पट्ट्यांच्या स्प्रिंगवर, जेवढा भार टाकावा तेवढा तो दबतो. दुप्पट भार, दुप्पट दाब. आता गाडी गचका खाऊन पुढे गेली, की तिचा सांगाडा काही क्षण वर-खाली झुलतो. सेकंदाला तो किती वेळा झुलतो, यावर आतल्या माणसाचे सुख ठरते. चालताना आपले शरीर सेकंदाला दीड-दोनदा वर-खाली होतच असते, म्हणून सेकंदाला एक ते दीड झोका अंगाला सोसतो. चार ते आठच्या दरम्यान गेला की पोट आणि पाठीचा कणा गदगदतात. अर्ध्याच्याही खाली गेला तर बोट लागल्यासारखी मळमळ सुरू होते. म्हणजे नुसते मऊ असून भागत नाही.

आणि हा आकडा काढायला प्रयोगशाळा लागत नाही. उभ्या गाडीत भाराने पाटा किती सेंटिमीटर दबला आहे ते मोजायचे, त्याचे वर्गमूळ काढायचे आणि पाचाला त्याने भागायचे. भरलेल्या ट्रकचा मागचा पाटा समजा १२ सेंटिमीटर दबला आहे. झोके आले सेकंदाला जेमतेम दीड. तोच ट्रक माल उतरवून परत निघाला आणि पाट्यांवर एक तृतीयांश भार उरला, तर दाब चारच सेंटिमीटरचा, आणि झोके झाले अडीच. पाटा तोच, रस्ता तोच, ड्रायव्हर तोच. मानोऱ्याकडे जाणारी एसटी वाशीमच्या स्टँडवरून खचाखच भरून निघते तेव्हा जागेवाल्यांना फारसे काही जाणवत नाही. गावोगाव माणसे उतरत जातात आणि शेवटच्या गावचे चार जण मात्र सीटवरून उडतात. दोष रस्त्याला दिला जातो. रस्त्याचा तो असतोच, पण सगळा नसतो.

बलून इथे कामाला येतो. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा दाबला तर तो परत वर येतो, तसाच हा रबरी फुगा आहे. पण त्याची करामत रबरात नाही, त्याच्या शेजारच्या छोट्या व्हॉल्व्हमध्ये आहे. सांगाड्यावर बसवलेल्या या व्हॉल्व्हची दांडी अॅक्सलला जोडलेली असते. भार वाढून सांगाडा खाली बसला की व्हॉल्व्ह आत हवा सोडतो, भार उतरून तो वर आला की हवा बाहेर काढतो, आणि उंची कायम राहते. भार दुप्पट झाला की आतल्या हवेचा दाब दुप्पट, आणि दाब दुप्पट झाला की फुग्याचा ताठरपणाही जवळजवळ दुप्पट. म्हणून चाळीस माणसे असोत की चार, झोके जवळपास तेवढेच राहतात. पाट्याला एकच भार मानवतो, बलूनला कोणताही चालतो. बाकी मऊपणा योग्य मापाच्या पाट्यालाही पुष्कळसा आणता येतो.

युरोपच्या कायद्याने ही गोष्ट नेमकी पकडली आहे. तिथल्या १९९६ च्या नियमानुसार तीन अॅक्सलच्या ट्रकला २५ टन वजनाची मुभा आहे. चालक अॅक्सलला जोडचाके आणि हवेचे सस्पेन्शन असेल तर २६ टनांची. पण हवेच्या बरोबरीचे दुसरे कोणतेही सस्पेन्शन चालते, आणि बरोबरीची मुख्य अट अशी, की झोके सेकंदाला दोनच्या वर जाता कामा नयेत आणि ते लवकर विरले पाहिजेत. पोलाद की हवा, हे कायदा विचारत नाही. झोके विचारतो.

अमेरिकेचा अनुभवही हेच सांगतो. जनरल मोटर्सने १९५३ साली आपल्या लांब पल्ल्याच्या बसला हवा दिली. बसमध्ये ती टिकली आणि जगभर पसरली. त्याच कंपनीने १९५७ मध्ये कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅम या महागड्या मोटारीला हवा दिली, तेव्हा गळत्यांनी लोक हैराण झाले आणि अनेकांनी ती काढून साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. बसमध्ये रोज माणसांची चढउतार होते, म्हणून तिथे गळतीचा त्रास सोसून हवा सांभाळणे परवडले. मोटारीत चार माणसांच्या फरकासाठी कोण सांभाळणार?

आता फिरत्या घराचा भार किती बदलतो? पाच टनांची गाडी धरा. पलंग, कपाटे, गॅस, बॅटऱ्या, ओटा हे सगळे कायमचे. बदलणारे म्हणजे २०० लिटर पाणी, म्हणजे २०० किलो, आणि चार माणसांचे अडीचशे. मिळून साडेचारशे, पाच टनांत नऊ टक्के. झोके दीडवरून फार तर १.६ होतील, आणि हा फरक अंगाला कळणारही नाही. जो त्रास घराला नाहीच, त्यावरचा हा महाग उपाय आहे. त्रास वेगळाच असतो. चाळीस माणसांसाठी बनलेल्या बसच्या सीटा काढून त्यात हलके घर बसवले, की पाटे त्या भाराला जास्त ताठ ठरतात आणि कपबशा रात्रभर वाजतात. उलट छोट्या व्हॅनमध्ये अख्खा संसार कोंबला की पाटे सपाट होऊन रबरी थोपणांवर आपटतात. दोन्हीकडे हवी असते ती त्या नेमक्या भाराची स्प्रिंग.

पाट्याची एक खोड मात्र मान्य केली पाहिजे. पट्ट्या एकमेकींवर घासतात, आणि बारीक खडबडीवर ते घर्षण सुटतच नाही. पाटा दबण्याऐवजी सगळा थरथराट वर पाठवतो. यावर पॅराबोलिक पाटे निघाले आहेत. त्यांत पट्ट्या कमी, मध्ये जाड आणि टोकांना पातळ, एकमेकींना फक्त मधोमध आणि टोकांशी टेकणाऱ्या. घर्षण कमी, वजनही कमी.

वाशीम जिल्ह्यात दोन्ही टोकांचे रस्ते आहेत, म्हणून ही परीक्षा इथे चांगली होते. कारंजा, मंगरूळपीर, मालेगावच्या बाजूने काँक्रीटचा समृद्धी महामार्ग गेला आहे. काँक्रीटच्या रस्त्यात साधारण साडेचार मीटरवर सांधा असतो; ताशी ८० च्या वेगाने सेकंदाला पाचेक सांधे चाकाखालून जातात, म्हणजे बरोबर पोट गदगदवणाऱ्या पट्ट्यात. स्वतःचे झोके दीड असलेली गाडी हे बरेचसे गिळते, अडीचवाली त्या मानाने कमी गिळते. गावाकडचे रस्ते मात्र काळ्या मातीवरचे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरच्या डांबराच्या लांब लाटा होतात. दहा मीटरची लाट आणि ताशी ६० चा वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १.७ धक्के, जवळपास गाडीच्या स्वतःच्या झोक्यांइतकेच. इथे चांगली स्प्रिंगही गाडीला जास्तच झुलवते, मग ती हवेची असो की पोलादाची. आवरतो तो शॉकअप. आणि जो खर्च लोक बलूनवर करायला निघतात, त्याच्या एका हिश्श्यात चारही शॉकअप नवे येतात.

शिवाय पाटा एकटा तीन कामे करतो. भार झेलतो, अॅक्सलला जागेवर धरतो, आणि पट्ट्यांच्या त्याच घर्षणाने झोका थोडा आवरतोही. बलून फक्त भार झेलतो. मग अॅक्सल धरायला दांड्या, हवेला कंप्रेसर, टाकी, नळ्या, हवेतले पाणी काढणारा ड्रायर, आणि गाडी वळणावर कलू नये म्हणून अँटी-रोल बार. घराची गाडी उंच असते. अकोल्याकडून पातूरचा घाट चढताना हा बार किती गरजेचा आहे ते कळते. मोठ्या बसला ब्रेकसाठी हवा असतेच. लहान गाड्यांचे ब्रेक तेलावरचे, त्यांना कंप्रेसरच वेगळा लावावा लागतो. एवढे करून फिरते घर वर्षातले बरेच महिने उभेच असते, आणि विदर्भाच्या उन्हात रबर उभ्या-उभ्याही म्हातारे होते. पाटा तुटला तर हायवेवरचा पाटे मिस्त्री त्याच दिवशी मार्गी लावतो. बलून फाटला, तर त्याच मापाचा मिळेपर्यंत मुक्काम.

हवेच्या बाजूने दोन गोष्टी खऱ्या आहेत. कायम भार सोसून पाटे वर्षांनी बसतात. आणि ओटा, फ्रिज, टाकी एकाच अंगाला आली तर गाडी त्या अंगाला कलते. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत शेतात गाडी लावून झोपायचे असेल, तर हे कलणे रात्रभर छळते. त्यासाठी पाटे तसेच ठेवून मागे दोन छोटे मदतीचे बलून बसवता येतात. डाव्या-उजव्यात वेगळी हवा भरायची, आणि फुगा गेलाच तर पाटे आहेतच. मुळातच हवा दिलेली घरे झालीच नाहीत असे नाही. १९७३ ते १९७८ या काळात अमेरिकेत बनलेल्या जीएमसीच्या मोटरहोमला पुढे टॉर्शन बार होते आणि मागे बलून, तेही मागच्या दोन-दोन छोट्या चाकांमध्ये, गाडीचा तळ खाली राहावा म्हणून. ते पहिल्या रेघेपासून तसेच आखलेले होते. कारखान्यातूनच हवेवर आलेली चासी मिळाली तर ती हवेवरच ठेवावी. पाट्याची चासी उलटीपालटी करून हवेवर नेण्याच्या मात्र मी विरोधात आहे. आणि गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागतेच. मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानकही आहे.

तेव्हा निर्णय दुकानात नको, वजनकाट्यावर करावा. सोयाबीनच्या ट्रॉल्या जिथे तोलल्या जातात तिथेच, टाकी भरून, घरचे सगळे आत बसवून, गाडी आधी पूर्ण चढवायची, मग फक्त मागची चाके, मग एका अंगाची. मागच्या चाकांपलीकडे टाकी किंवा मोटारसायकल टांगली असेल तर मागच्या अॅक्सलवर तिच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार दिसेल. पुढचा तेवढा हलका झालेला असतो. हे तीन आकडे आणि उभ्या गाडीतला पाट्याचा दाब लिहून मिस्त्रीकडे न्या आणि त्या भाराला दहा-बारा सेंटिमीटर दबणारा संच मागा.