सांभाळणाऱ्यांना कोण सांभाळणार?

'दत्तक' हा शब्द आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. दत्तक घेतलेले मूल त्या घराचे होते, त्या घराचे नाव लावते, आणि त्याला परत मागायला कोणी येत नाही. पण दुसऱ्याचे मूल काही काळापुरते आपल्या घरी आणायचे, पोटच्या मुलासारखे वाढवायचे आणि त्याचे आईवडील सावरले की त्यांच्या हाती परत द्यायचे, याला आपल्या रोजच्या बोलण्यात शब्द नाही. इंग्रजीतून आलेला 'फॉस्टर केअर' हाच शब्द आपण वापरतो. सरकारी कागदांवर त्याला 'प्रतिपालकत्व' म्हणतात.

शब्द नवा असला तरी गोष्ट अगदीच अनोळखी नाही. आई अंथरुणाला खिळली म्हणून मावशीकडे वाढलेली, वडील परदेशी नोकरीला गेले म्हणून आजीने मोठी केलेली मुले आपल्या प्रत्येक वाडीत आहेत. नात्यातल्या मुलासाठी आपण दार उघडतो. नात्याबाहेरच्या मुलासाठी ते उघडावे काय? आणि ज्याला उद्या परत द्यायचे आहे त्याला आज आपले म्हणता येईल काय? हा प्रश्न आम्ही आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४४ मध्ये फॉस्टर केअरची तरतूद आहे. मुलाला कोणत्या कुटुंबात ठेवायचे हे बालकल्याण समिती ठरवते. कुटुंबाची निवड करताना त्याची क्षमता, हेतू आणि मुले सांभाळण्याचा पूर्वानुभव पाहावा, असे कायदा सांगतो. सख्ख्या भावंडांची शक्यतो ताटातूट करू नये, असेही सांगतो. आईवडिलांना मुलाला भेटता येते आणि ते पुन्हा सांभाळ करण्यास योग्य ठरले की मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकते. याच अधिनियमात एक महत्त्वाचे तत्त्व दिले आहे: मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा.

आपल्या देशात मात्र घराला पारखी झालेली बहुतेक मुले संस्थांतच वाढतात. आपल्या धर्मभगिनींनी चालवलेल्या बालगृहांचे ऋण कोणीही नाकारू शकणार नाही. दुसरे कोणी दार उघडत नव्हते तेव्हा त्यांनी ते उघडले. परंतु उत्तमातल्या उत्तम बालगृहातही पन्नास मुलांमागे मोजकी माणसे असतात आणि त्यांच्याही बदल्या होतात. रात्री ताप आला तर कपाळावर हात ठेवणारे रोजचे, ओळखीचे माणूस प्रत्येक मुलाला हवे असते. ते संस्थेला कितीही मनात आणले तरी पुरवता येत नाही. ते घरातच मिळते.

मग अशी घरे मिळवायची कशी? येथे पहिला गैरसमज आडवा येतो. 'मन मोठे असले की झाले, त्याला तपासणी आणि प्रशिक्षण कशाला? आपण आपली मुले कोणाकडून शिकून वाढवली?' असे आपण सहज म्हणतो. हे म्हणणे किती महाग पडू शकते हे इंग्लंडने १९४५ साली पाहिले. वेल्समधील न्यूपोर्ट शहराच्या देखरेखीखालील डेनिस ओनील नावाचा बारा वर्षांचा मुलगा श्रॉपशायर परगण्यातील एका शेतकरी जोडप्याकडे ठेवण्यात आला होता. उपासमार आणि मारहाण यांमुळे त्या वर्षीच्या ९ जानेवारीला तो मरण पावला. त्या जोडप्याला शिक्षा झाली. सर वॉल्टर मॉन्कटन यांनी केलेल्या चौकशीत दिसून आले की, मुलाला तेथे पाठवणारे कार्यालय एक आणि तो राहत होता तो परगणा दुसरा, या दोघांच्या मध्ये त्याची जबाबदारी हरवली होती. देश हादरला. १९४६ मध्ये कर्टिस समितीचा अहवाल आला आणि १९४८ मध्ये मुलांच्या सांभाळाचा नवा कायदा झाला.

इंग्लंडमध्ये आज सरकारी ताब्यातील दर तीन मुलांपैकी सुमारे दोन मुले फॉस्टर कुटुंबांत राहतात. त्यांची व्यवस्था स्थानिक नगरपालिका आणि स्वतंत्र फॉस्टरिंग संस्था करतात. त्यांची रीत समजून घेण्यासारखी आहे. इच्छुक कुटुंबाकडे समाजसेवक पुन्हा पुन्हा जातो. पतीपत्नीचे बालपण कसे गेले, त्यांच्यात भांडण झाले तर ते कसे मिटते, घरातल्या मुलांना या बेताविषयी काय वाटते, हे सर्व तो विचारतो. पोलिसांकडील नोंदी व आरोग्य तपासले जाते, ओळखीच्या माणसांचे मत घेतले जाते. हे काम साधारण चार ते सहा महिने चालते. त्यानंतर अहवाल एका मंडळापुढे जातो, मंडळ शिफारस करते आणि मगच संस्था निर्णय देते. मंजुरीपूर्वी प्रशिक्षण आणि मंजुरीनंतरही प्रशिक्षण. दरवर्षी फेरआढावा, आणि वर्षातून निदान एकदा न कळवता भेट.

हे वाचून एखाद्याला वाटेल, मुलगी द्यायचीसुद्धा कोणी इतकी चौकशी करीत नाही! परंतु विचार करा. जे मूल या दारी येणार आहे त्याला एकदा घराने दगा दिलेला आहे. दुसऱ्यांदा तसे घडू न देणे ही त्याला पाठवणाऱ्यांची जबाबदारी आहे. तपासणी म्हणजे कुटुंबाचा अपमान नव्हे. ती मुलाला दिलेली हमी आहे.

प्रशिक्षणाचेही तसेच. पोटभर जेवूनही उशीखाली पोळी लपवणारे मूल चोर नसते. उद्या जेवण मिळेल यावर त्याचा अजून विश्वास बसलेला नसतो. नव्या घरात आठ दिवस अगदी शहाण्यासारखे वागून नवव्या दिवशी वस्तू फोडणारे मूल कृतघ्न नसते. ही माणसेही आपल्याला टाकतील काय, याची ते परीक्षा घेत असते. आईने मारले तरी ते आईसाठीच रडते. हे ज्याला आधी कोणी सांगितलेले नाही, तो भला माणूसही महिन्याभरात म्हणेल, 'एवढे केले, पण याला त्याची किंमत नाही.' आणि मूल परत पाठवील. त्या मुलाच्या मनावर तो आणखी एक नकार कोरला जाईल. म्हणून आम्हाला वाटते, दयाळू मन ही पहिली पायरी आहे, अख्खा जिना नव्हे.

दुसरा गैरसमज पैशाचा आहे. केंद्र सरकारच्या २०२२ च्या मिशन वात्सल्य योजनेत अशा मुलामागे दरमहा ४,००० रुपयांची तरतूद करण्यात आली. 'पैसे घेऊन कसले आले प्रेम?' असे आपल्यापैकी काहीजण म्हणतील. त्यांनी निर्गमाच्या पुस्तकातील मोशेची कथा आठवावी. फारोच्या कन्येला लव्हाळ्यांत तान्हे बाळ सापडले. बाळाच्या बहिणीने चतुराईने त्याच्याच आईला दाई म्हणून पुढे आणले आणि राजकन्येने तिला दूध पाजण्याचे वेतन ठरवून दिले. पोटच्या मुलाला वाढवण्याचे वेतन त्या माऊलीने घेतले. त्यामुळे तिचे दूध पातळ झाले काय? वेतनाने प्रेम विकत घेता येत नाही हे खरे, पण गरीब घराला प्रेम करणे परवडावे इतके वेतन निश्चित करू शकते. पैशाचा वास लागून कोणी पुढे येईल ही भीती खोटी नाही. त्यासाठीच तर तपासणी आणि नियमित भेटी आहेत. पण पैसे नाकारणे हा त्यावर उपाय नव्हे. तसे केल्यास हे काम फक्त श्रीमंतांचे होईल, आणि अशा मुलांना समजून घेणारी पुष्कळ मने गरीब घरांतच असतात.

पैशाची आणखी एक बाजू आहे आणि ती विसरता कामा नये. निव्वळ गरिबीपायी मूल घरापासून तुटत असेल, तर ते दुसऱ्या घरी नेण्याआधी त्याच्याच घराला हात द्यायला हवा. महाराष्ट्रातील बालसंगोपन योजनेचा मोठा उपयोग हाच आहे. एका पालकाच्या किंवा नातेवाइकांच्या आधाराने वाढणाऱ्या मुलांसाठी त्या योजनेतून दरमहा मदत मिळते. २०२३ मध्ये ती रक्कम २,२५० रुपये झाली. विधवा आईचे मूल चांगल्या घरी ठेवण्यापेक्षा त्या आईचे घर उभे ठेवणे केव्हाही अधिक न्यायाचे आहे.

आता तिसरी आणि सर्वांत कठीण गोष्ट, परत देण्याची. लळा लागतो. तो लागायलाच हवा. ज्याला लळा लागत नाही अशा घरी मूल ठेवून उपयोग काय? आणि मग एके दिवशी समितीचा आदेश येतो. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षे एकत्र राहिल्यानंतर, मूल कायद्याने दत्तकासाठी मोकळे असेल तर, त्याच कुटुंबाला ते दत्तक घेण्याची वाट खुली झाली आहे. परंतु जेथे आईवडील सावरले आहेत तेथे मूल परतच जायचे. या परतीच्या भीतीनेच अनेकजण म्हणतात, 'नको ती माया आणि नको ते दुःख.'

आम्हाला या म्हणण्याचा राग येत नाही. पण दुःख होईल म्हणून माया न करणे हा हिशेब आपण इतरत्र लावतो काय? मुलगी सासरी जाणार म्हणून कोणी तिला कमी जीव लावत नाही. संत जोसेफला आपण येशूचा पालक पिता म्हणतो. तो मुलगा आपल्या मालकीचा नाही हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असूनही त्याने घर चालवले, सुतारकाम केले, रातोरात मिसर देश गाठला. सांभाळणे आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरे तर आपली पोटची मुलेही आपल्या मालकीची नसतात. फॉस्टर कुटुंबाला हे आधी कळते, आपल्याला उशिरा कळते एवढेच. म्हणूनच अशा मुलाचे नाव, त्याची भाषा आणि त्याचा धर्म बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही. हिंदू किंवा मुसलमान आईचे मूल आपल्या घरी आले, तर ते ज्या ओळखीने आले त्याच ओळखीने परत जाईल. त्याला मिळालेले प्रेम मात्र त्याच्याबरोबर जाईल.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. इंग्लंडमध्ये इतकी घडी बसलेली व्यवस्था असूनही २०२१ नंतर फॉस्टर कुटुंबांची संख्या घटत गेली आहे. नवी कुटुंबे पुरेशी येत नाहीत आणि जुनी सोडून जातात. सोडून जाणाऱ्यांच्या तक्रारींत पैशाबरोबरच एक गोष्ट वारंवार येते: आम्हाला एकटे टाकले. मोठ्या जाहिरातींनी मिळवलेली कुटुंबे मुलाच्या पहिल्या वादळात एकटी पडली, तर ती टिकत नाहीत. म्हणून चांगल्या संस्था प्रत्येक कुटुंबाला स्वतःचा समाजसेवक देतात, रात्री-अपरात्री उचलला जाणारा फोन देतात, चार दिवस उसंत मिळावी म्हणून मुलाला ओळखीच्या दुसऱ्या घरी ठेवण्याची सोय करतात, आणि जुन्या अनुभवी कुटुंबाची नव्या कुटुंबाशी गाठ घालून देतात. कुटुंब मिळवणे सोपे नाही, पण मिळालेले कुटुंब टिकवणे त्याहून मोठे काम आहे.

आपल्याकडे समाजसेवक थोडे आणि त्यांच्यावर कामाचा भार फार. पण आपल्याकडे शेजार आहे, धर्मग्राम आहे. येथेच आपली कसोटी आहे. सर्वांनी मुले घरी आणावीत असे आम्ही म्हणत नाही. ते सर्वांना जमणारही नाही, आणि न जमणाऱ्याने भरीस पडू नये. पण आपल्यातले एखादे कुटुंब, किंवा एखादी एकटी राहणारी भगिनी, कारण २०२४ च्या सूचनांनुसार आता एकट्या व्यक्तीही पुढे येऊ शकतात, असे पाऊल उचलू लागली, तर आपण काय करणार? 'कोणाचे कोण जाणे, घरात घेतले!' अशी कुजबुज करणार, की संध्याकाळी तासभर मुलाला आपल्या मुलांबरोबर खेळायला बोलावणार? 'तुझी खरी आई कुठे आहे?' असे चारचौघांत विचारणार, की त्याला नावाने हाक मारणार? त्याने आपल्या मुलाला ढकलले तर लगेच त्या कुटुंबाच्या दारी भांडायला जाणार, की आधी दोन शब्द ऐकून घेणार?

आणि मूल परत गेले म्हणजे? कोणाच्या घरी मृत्यू झाला तर आपण जातो, डबा नेतो, बसतो. ज्या घरातून दोन वर्षे सांभाळलेले मूल गेले, त्या घरी रिकामी खाट असते आणि भेटायला कोणी येत नाही, कारण 'त्यांचे थोडेच होते!' असे आपण म्हणतो. त्या घरी जाणे हे आपले काम आहे. चांगल्या माणसांची वाहवा करणे सोपे असते. त्यांच्या शेजारी बसणे कठीण असते. पण ती माणसे पुन्हा दार उघडतील की नाही, हे त्या बसण्यावरच ठरते.

ज्यांना अधिक माहिती हवी असेल त्यांनी आपल्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात चौकशी करावी. संकटातल्या मुलासाठी १०९८ हा क्रमांक सर्वांनी लक्षात ठेवावा. आणि ज्यांना मूल घरी आणणे शक्य नाही अशा आपण सर्वांनी निदान एवढे ठरवावे की, आपल्या धर्मग्रामात दुसऱ्याचे मूल सांभाळणारे घर एकटे पडणार नाही.