विकलेली वस्तु व राखलेली प्रत

परीक्षा संपली कीं पेण-रोह्याकडील विद्यार्थी आपलीं क्रमिक पुस्तकें खालच्या वर्गांतील मुलांस कमी किंमतीस विकतात. ही रूढि उत्तम आहे. तिच्यामुळें गरिबाचें शिक्षण निभतें. परंतु अलीकडे कांहीं पुस्तकांच्या आंतल्या पानावर एक संकेतांक असतो. तो संगणकास दिला म्हणजे त्याच पुस्तकाची दुसरी, अदृश्य प्रत खरेदीदाराच्या हातीं येते. चित्रपटांच्या तबकड्यांबरोबरहि परदेशांत अशी प्रत मिळत आली आहे. प्रश्न असा कीं, कागदी पुस्तक विकून ही प्रत स्वतःपाशीं ठेवणें न्याय्य आहे काय?

'मी दोहोंचे पैसे दिले. एक विकलें, एक ठेविलें. यांत कोणाचें काय गेलें?' हा युक्तिवाद सकृद्दर्शनीं बिनतोड दिसतो. जोडीनें घेतलेल्या दोन समयांपैकीं एक विकणारास कोण दोष देईल? परंतु दोन समया ह्या दोन वस्तु होत, आणि किंमतहि दोहोंची दिलेली असते. पुस्तक व त्याची प्रत हीं एकाच वस्तूचीं दोन वस्त्रें होत. मोल एका वाचकाचें दिलें आणि वाचक मात्र दोन झाले.

घेतलेलें पुस्तक पुन्हां विकण्याचा हक्क निर्विवाद आहे. एक डॉलरहून कमी किंमतीस विकूं नये, अशी ताकीद पुस्तकांत छापणाऱ्या प्रकाशकाविरुद्ध अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९०८ सालींच निकाल दिला. आमच्या १९५७ च्या कायद्यानेंहि एकदां प्रसृत झालेल्या पुस्तकाच्या प्रतीवर लेखकाचें नियंत्रण पुढें चालविलें नाहीं. पण या हक्काचें मर्म त्यागांत आहे: जें मी देतों तें माझ्यापाशीं उरत नाहीं. रीडिजी नांवाच्या अमेरिकन पेढीनें विकणाऱ्याची प्रत पुसण्याची व्यवस्था करून गाण्यांची पुनर्विक्री चालविली. नवी प्रत निर्माण होते या कारणास्तव २०१८ सालीं अपील न्यायालयानें ती बेकायदा ठरविली. कायद्याच्या अक्षरास हें धरून असेल; परंतु ज्यानें आपली प्रत खरोखर पुसली, तो आमच्या मतें नीतीच्या दृष्टीनें निर्दोष होय. राखणाऱ्याचें तसें नाहीं.

पेण व हमरापूरच्या कारखान्यांत मूर्तिकार मूर्ति विकतो आणि सांचा ठेवितो. त्यास कोणी दोष देत नाहीं, कारण सांच्यांत श्रम त्याचे आहेत. पण गिऱ्हाइकानें त्या मूर्तीवरून रबराचा सांचा उतरवून मग मूर्ति विकली, तर मूर्तिकारास तें रुचेल काय?

कोणी म्हणेल, विद्या दिल्यानें घटत नाहीं. पोथी उतरून घेणें तर आमच्याकडे पुण्यकर्म होतें. खरें आहे. वाचून मनांत राहिलेलें कोणी परत मागत नाहीं. परंतु पोथी उतरणारा स्वतः श्रमत असे. आणि पैसे घेऊन पुस्तक द्यावें व पुस्तकच ठेवावें, हें विद्यादान नव्हे. पेण तालुक्यांतील गागोदें येथें १८९५ सालीं जन्मलेल्या विनोबांच्या व्रतांत अस्तेय व असंग्रह हीं दोन्हीं होतीं. आणि गरज नसतां घेणें हीहि चोरीच, इतका व्यापक अर्थ गांधीजींनीं अस्तेयास दिला होता.

प्रकाशकहि निर्दोष नाहींत. संकेतांक एकाच नांवास बांधल्यानें सचोटीच्या विक्रेत्यासहि ती प्रत पुढें देतां येत नाहीं, आणि रोह्याच्या ज्या मुलानें जुनें पुस्तक घेतलें त्याच्या वांट्यास खरवडलेला अंक येतो. खरी हानि त्याची होते. तो गरीब असतो आणि तक्रारहि करीत नाहीं. परंतु प्रकाशकाच्या अडवणुकीनें विक्रेत्याचें कर्तव्य संपत नाहीं. संकेतांक वापरला गेला आहे हें त्यानें घेणारास आधीं सांगावें, तेवढी किंमत कमी करावी, आणि आपली प्रत पुसून टाकावी. तें जिवावर येत असेल तर पुस्तक विकूंच नये. कारण ज्याची आपणांस अद्याप गरज आहे, तें आपण विकलें असें म्हणणें सत्यास धरून नाहीं.