पाणी न पिता गेलेले पाहुणे

2020च्या जुलैत गावात भातलावणी चालू होती आणि मी छत्री धरून बांधावर उभा राहून मुंबईतल्या एका पंचतारांकित हॉटेलची लॉबी बघत होतो. गाव वेल्हे तालुक्यात, तोरण्याच्या पायथ्याला. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, तोंडात अजून वेल्हेच येतं.) पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट शिकत होतो, मार्चमध्ये लॉकडाउन लागला तसा घरी आलो. घरात रेंज नाही, बांधावर दोन काड्या. कॉलेजने 'व्हर्च्युअल फील्ड व्हिजिट' ठेवली होती. बाणावर बोट ठेवलं की दार उघडायचं, मग झुंबर, रिसेप्शन, खोल्या.

हॉस्पिटॅलिटी मोबाइलवर शिकणं म्हणजे काठावर बसून पोहायला शिकणं, असं तेव्हा सगळेच म्हणायचे. मी नाही म्हणायचो. त्या लॉबीत शिरताना माझ्या चपलांकडे कुणी बघितलं नव्हतं. पुढे ट्रेनिंगला एका खऱ्या हॉटेलात गेलो, तर पहिल्याच दिवशी पुढच्या दारातून मागच्या गेटकडे पाठवलं. ते गेट, तिथली झडती, दिवसभर उभं राहून पोटऱ्यांत येणारे गोळे, यातलं टूरमध्ये काही नव्हतं. तरी स्क्रीनला मी खोटं म्हणणार नाही. भोर-वेल्ह्याच्या पोराला अशा जागेत नुसतं बघत उभं राहायची मुभा तिनेच दिली.

प्रश्न पडला तो उलट दिशेने. गूगलने शाळांसाठीचं 'एक्सपिडिशन्स' ॲप 2021मध्ये बंद केलं, पण कॉलेजांना लागलेली सवय राहिली. दोन वर्षांपूर्वी 'ग्रामीण पर्यटन' विषयासाठी एका कॉलेजने आमच्या घराचा 360 अंशांचा व्हिडिओ केला. ओसरी, चूल, नाचणीची भाकरी थापणारी आई, मागे तोरणा. परवानगी रीतसर घेतली होती. साठ विद्यार्थी घर फिरून गेले. कुणाचं काही बिघडलं नाही, तरी मला ते खुपत राहिलं.

1795 साली कांटने लिहिलं की परक्या भूमीवर पोचलेल्या माणसाला शत्रूसारखं न वागवलं जाण्याचा हक्क असतो. हक्क पोचल्यावरचा आहे. आमच्याकडेही आधी गूळ-पाणी, मग चौकशी: कुठले, कुणाचे, जेवलात का? म्हणजे पाहुणा बघतो तसा त्यालाही बघितलं जातं. पाणी नाकारता येत नाही, चपला बाहेर काढाव्या लागतात, आवाज जरा खाली आणावा लागतो. अतिथी म्हणजे तर ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. इथे लिंक सकाळी अकराला उघडायची आणि बाराला बंद व्हायची.

पण मग माझं काय? लॉबीत मला जे सुख वाटलं तेही हेच होतं, आपण न दिसता बघण्याचं. हॉटेल माझ्यापेक्षा मोठं होतं म्हणून ते मला सुटकेसारखं वाटलं, एवढंच. त्या टूरमध्ये एक बाई पलंग लावत होती. चादरीचा कोपरा ती कसा दुमडते ते मी तीनदा मागे जाऊन पाहिलं. कोपरा मला आजही तसाच जमतो. तिचा चेहरा आठवत नाही.

आईला आमच्या घराचा व्हिडिओ दाखवला तेव्हा तिने विचारलं, किती जणांनी पाहिला? साठ, म्हटलं.

"अरे, मग पोरं जेवली कुठं?"

"अगं, ती आलीच नव्हती."

तिला काही ते पटलं नाही. "चुलीपर्यंत आली की," ती म्हणाली, "आणि आली नव्हती म्हणतोस?"