शेगावची रांग, खामगावची पट्टी

१९६० हे साल आपल्याला १ मेसाठी लक्षात राहिलेलं. मॅनेजमेंट शिकवणाऱ्याला ते आणखी तीन कारणांसाठी लक्षात ठेवावं लागतं. त्या वर्षी अमेरिकेत जेरोम मॅकार्थी यांचं मार्केटिंगचं पाठ्यपुस्तक आलं आणि प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन हे चार 'पी' जगभरच्या वर्गांत जे ठाण मांडून बसले ते आजतागायत उठलेले नाहीत. त्याच वर्षी थिओडोर लेव्हिट यांचा 'मार्केटिंग मायोपिया' हा लेख प्रसिद्ध झाला. आपण काय बनवतो यात गुंतून पडू नका, गिऱ्हाइकाला काय हवंय ते बघा, असं त्यांनी कारखानदारांना सुनावलं होतं. आणि त्याच वर्षी डग्लस मॅकग्रेगर यांचं 'द ह्यूमन साइड ऑफ एंटरप्राइज' निघालं. माणूस मुळात कामचुकार, त्याच्या मागे उभं राहिल्याशिवाय काम होत नाही असं धरून चालणारा मालक एकीकडे, आणि परिस्थिती बरी असेल तर माणूस आपणहून जबाबदारी घेतो असं मानणारा दुसरीकडे. पहिली थिअरी एक्स, दुसरी थिअरी वाय.

एका वर्षात आलेल्या या विचारांचे अभ्यासक्रमात मात्र दोन वेगळे पेपर झाले, शिकवणारे वेगळे झाले, स्पेशलायझेशन वेगळं झालं. बुलढाणा जिल्ह्यातल्या कॉलेजांतही एमबीएचं पहिलं वर्ष संपत आलं की मुलं विचारतात, "सर, मार्केटिंग घेऊ का एचआर?" प्लेसमेंटच्या हिशेबाने प्रश्न रास्तच आहे. पण याच जिल्ह्यातली उदाहरणं घेऊन शिकवायला लागल्यावर ही वाटणी मला टिकताना दिसेना.

सुरुवात 'प्राइस'पासून झाली. पुस्तकातला मॅनेजर किंमत ठरवतो. बाजारात शिरायचं तर ती कमी ठेवतो, माल नवा असेल तर चढी ठेवून आधी मलई काढून घेतो. वर्गात चिखली, मेहकर, मोताळा, संग्रामपूरकडची मुलं बसलेली. बहुतेकांच्या घरी सोयाबीन, नाहीतर कपाशी. घरातलं कुणी मालाची किंमत ठरवतंय हे दृश्य त्यांनी जन्मात पाहिलेलं नसतं. "सर, भाव का आपल्या हातात हाये?" असं कुणीतरी विचारतंच, आणि अख्खा वर्ग हसतो. त्या हसण्यात पुस्तकाची जेवढी परीक्षा होते तेवढी विद्यापीठाच्या पेपरात होत नाही.

आता सत्राच्या सुरुवातीला मी मुलांना घरून एक जुनी हिशोबपट्टी आणायला सांगतो. खामगाव, चिखली, मलकापूर, जिथे माल जातो तिथली. वर अडत्याचं नाव छापलेलं, खाली बॉलपेनने पोती, वजन, भाव आणि एकूण. मग हमाली वजा, तोलाई वजा, मधे उचल घेतली असेल तर तीही वजा, आणि तळाशी जो आकडा उरतो तो घरी येतो. २०२४ च्या हंगामातल्या पट्ट्या वर्गात फिरल्या तेव्हा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि पट्ट्यांवरचे भाव त्याच्या खाली. सरकारी खरेदीला १२ टक्क्यांपर्यंतच ओलावा चालत होता. नोव्हेंबरच्या मध्यावर केंद्राने ती अट १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. पण दिवाळी त्याआधीच होऊन गेली होती, आणि दिवाळीला पैसा लागतो. ज्यांना थांबणं शक्य नव्हतं त्यांनी मिळेल त्या भावाला माल काढला.

या पट्ट्या समोर ठेवून मुलं स्वतःच एका ठिकाणी पोचतात: ज्याला थांबता येतं, भाव त्याचा. एकदा हे पटलं की बुलडाणा अर्बनकडे बघण्याची नजर बदलते. राधेश्याम चांडक यांनी १९८६ मध्ये सुरू केलेली ही पतसंस्था वर्गात एरवी 'केवढी मोठी झाली' याच्या आकड्यांसाठी निघते. मला तिच्या गोदामांचं अप्रूप जास्त आहे. शेतकरी माल गोदामात ठेवतो, पावती घेतो, पावतीवर कर्ज उचलतो आणि भाव बरा आला की विकतो. मार्केटिंगच्या भाषेत सांगायचं तर इथे शेतकऱ्याला पुरवलं जातं ते थांबणं. लेव्हिट यांना हे उदाहरण आवडलं असतं. गिऱ्हाइकाला काय हवंय हे ओळखायला इथे कुणाला लांबच्या कंपनीकडून सर्व्हे करून घ्यावा लागला नाही.

वऱ्हाडाला बाजाराची ही अक्कल नवीन नाही. अमेरिकन यादवीत कापसाला सोन्याचा भाव आला, त्यानंतर १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठीच. १८८६ मध्ये शेजारच्या कारंजाला देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, आणि १८९७ चा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा हा त्या प्रकारचा देशातला पहिला. लँकेशायरच्या गिरण्यांना बिनभेसळीचा कापूस मिळावा ही त्यामागची निकड होती, शेतकऱ्याचा कळवळा दुय्यम. पण बाजाराची चौकट आपल्याकडे तेव्हाच उभी राहिली. अमेरिकी विद्यापीठांत मार्केटिंग हा विषय शिकवायला लागायचे होते तेव्हाची ही गोष्ट. आमच्या पाठ्यपुस्तकात मात्र मार्केटिंगचा इतिहास डेट्रॉइटपासून सुरू होतो.

पट्टीवरची 'हमाली' ही ओळ मुलं आधी ओलांडून जातात. तिथे त्यांना थांबवलं की एचआरचा पेपर उघडतो. टेलर यांच्या १९११ च्या पुस्तकात लोखंडाच्या लाद्या वाहणाऱ्या मजुराची प्रसिद्ध गोष्ट आहे: दिवसाला साडेबारा टन वाहायचा, शास्त्रशुद्ध पद्धतीने साडेसत्तेचाळीस टन वाहायला लागला, आणि मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ वर गेली. एरवी ही गोष्ट कार्यक्षमतेचा विजय म्हणून शिकवली जाते. इथल्या मुलांनी यार्डात पोती उचलणारी माणसं पाहिलेली असतात. ती तोंडी हिशेब करतात: काम जवळजवळ चौपट, मजुरी दीडपटीच्या थोडी वर. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी आणि हमाल कामगारांसाठी कायदा केला तो असल्याच गणितातून. माथाडींना संघटित करणाऱ्या अण्णासाहेब पाटलांचं नाव कोणत्याही एचआरच्या परदेशी पुस्तकात सापडणार नाही, पण हमालांनी काम थांबवलं की ज्या बाजार समितीत लिलाव होत नाही, तिथे मार्केटिंग वेगळं आणि माणसं वेगळी हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

आता शेगाव. व्यवस्थापनाची चर्चा निघाली की या जिल्ह्यात ती शेगावला गेल्याशिवाय राहत नाही. गजानन महाराज संस्थानची स्थापना १९०८ ची, महाराज असतानाची. पुढे शिवशंकरभाऊ पाटलांच्या काळात, म्हणजे १९६० च्या दशकापासून २०२१ मध्ये ते गेले तोवर, संस्थानच्या कारभाराला जी शिस्त लागली तिची ख्याती सगळ्यांना ठाऊक आहे. संस्थानचं इंजिनिअरिंग कॉलेज १९८३ पासून चालू आहे. पण आमच्या विद्यार्थ्यांना न्यायचं ते रांगेत. चप्पल घेणारा माणूस पांढऱ्या कपड्यांत, डोक्यावर टोपी, आणि समोर पाच वर्षांचं पोर असो की सत्तरीची आजी, हाक एकच: "माऊली". आवाज चढत नाही. कुठे पाणी सांडलं तर कुणाला सांगावं लागत नाही, फडकं घेऊन कुणीतरी आलेलाच असतो. हा सेवाधारी पगारी नाही. त्याचं गाव कुठेतरी पन्नास-शंभर किलोमीटरवर, सेवेचा नंबर लागावा म्हणून तो वाट बघत थांबलेला असतो, आणि पाळी संपली की शेतावर परततो.

१९६९ मध्येच फिलिप कोटलर आणि सिडनी लेव्ही यांनी मांडलं की मार्केटिंगचा विचार साबण आणि मोटारींपुरता नाही, तो चर्चलाही लागू आहे, विद्यापीठालाही, संग्रहालयालाही. डेव्हिड लक यांनी लगेच हरकत घेतली: असं ताणत गेलात तर या विषयाला हद्दच उरणार नाही. मी बराच काळ कोटलर यांच्या बाजूने होतो, शेगावने मला थोडं लक यांच्याकडे सरकवलं. शेगावला कुणी जाहिरात वाचून येत नाही. रांगेत मिळालेली वागणूक माणसं घरी घेऊन जातात, आणि पुढच्या वेळी शेजाऱ्याला घेऊन येतात. इथलं प्रमोशन म्हणजे तो चप्पल घेणारा सेवाधारी. त्याला मार्केटिंगच्या खात्यात टाकाल तर त्याचं काम विटाळेल, आणि एचआरच्या खात्यात टाकावं तर तो कर्मचारीच नाही. (शेगावची कचोरी हे त्या मानाने सोपं उदाहरण. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी रेल्वेच्या गिऱ्हाइकावर धंदा उभा केला. चार 'पी'तला 'प्लेस' शिकवायला मुंबई-हावडा लाइनवरचं स्टेशन पुरतं.)

मुलांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली: सर, हेच थिअरी वाय. दुसरीही ठरलेली: हेच आपल्या कंपनीत, बँकेत, दुकानात आणलं पाहिजे. पहिली मला मान्य आहे. दुसरीपाशी मी अडतो, आणि अलीकडे जास्तच अडतो.

एका मुलाने वर्गात सांगितलं की त्याच्या गावचा एक जण जिनिंगमध्ये कामाला आहे, तिथे मुकादमाची पाठ वळली की बिडी पेटवतो, आणि शेगावला सेवेत असला की भल्या पहाटे उठून फरशी पुसतो. मॅकग्रेगर यांचा अख्खा धडा एवढ्यात आला: माणूस तोच, जागा बदलली. पण जागेत नेमकं काय बदललं हे विचारल्याशिवाय धडा पुरा होत नाही. सेवेत त्याच्या घामावर कुणाचा नफा उभा राहत नाही, हे त्याला ठाऊक असतं. ज्यांच्या शब्दावर काम चालायचं ते शिवशंकरभाऊ स्वतः संस्थानचा चहासुद्धा घेत नसत, असं तिथे सांगतात. पाळी संपली की तो मोकळा असतो, आणि त्याचं पोट त्या सेवेवर चालत नसतं. जिनिंगमध्ये यातलं काहीच नाही. तिथे भल्या पहाटेची फरशी मागायची तर आधी मजुरीची, ओव्हरटाइमची आणि कापसाच्या धुळीची गोष्ट करावी लागेल.

शेगावचं उदाहरण देऊन सेवाभावाची अपेक्षा करणारे मालक मी सेमिनारांतून ऐकले आहेत. टाळ्याही पडतात. ज्याला आपण पगार पुरेसा देत नाही त्याच्याकडून भक्ती मागायची ही जुनी खोड आहे, आणि शिक्षणक्षेत्रही तिच्यातून सुटलेलं नाही. प्रेरणेचे सिद्धांत शिकवायला अनेक कॉलेजांत तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक उभा असतो. मे महिन्यात त्याला मानधन नसतं, आणि हर्झबर्ग यांनी पगाराला प्रेरणेचा घटक का मानलं नाही हे तो चेहरा सरळ ठेवून समजावून सांगतो. हर्झबर्ग यांचं म्हणणं अर्थात पुरं वाचायला हवं: पुरेशा पगाराने माणूस फुलत नसेलही, अपुऱ्याने तो नक्की कोमेजतो. शेगाव दाखवताना वाक्याचा हा दुसरा भाग आधी शिकवायचा, असं मी आता ठरवून टाकलं आहे.

यंदा दुसऱ्या वर्षाला मला एक तिसरी केस घ्यायची आहे, आणि तिच्यावर पुस्तक नाही. देऊळगाव राजाच्या पट्ट्यात शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोसारख्या भाज्यांचं संकरित बियाणं तयार होतं. बाया संध्याकाळी मादी झाडाची कळी चिमट्याने उघडून पुंकेसर काढतात आणि सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग बोटाने लावतात. याला तिथे क्रॉसिंग म्हणतात. एखादी कळी आधीच उमलून गेलेली नजरेतून सुटली की बियाण्यात भेसळ होते. कंपनी नंतर ते बियाणं पेरून शुद्धता तपासते, नापास झालं तर शेतकऱ्याचे पैसे अडकतात, आणि पास झालं तर चकचकीत पाकिटातून देशभर विकलं जातं. पाकिटावरचं शुद्धतेचं वचन पाळलं जातं त्या बाईच्या चिमट्यावर, आणि तिला मिळतो दिवसाचा रोज. पाकिटाची किंमत एका पेपरात येते, तिचा रोज दुसऱ्या. दोन्ही पेपरांच्या मुलांना एकत्र बसवून हे सोडवायला द्यायचं म्हटलं तर वेळापत्रकात दोघांचा रिकामा तास जुळत नाही. विभागप्रमुखांना अर्ज दिला आहे.