कोळंबी नाही मिळाली तर मरळ घे

मालवण

चि. निखिल,

तुझी यादी वाचली. पोर्क, टायगर प्रॉन्स, स्क्विड, लेमनग्रास, थाई बेसिल, राइस व्हर्मिसेली, फिश सॉस. खाली तू विचारलंयस की यातलं घरी मोताळ्यात काहीच मिळणार नाही, तर सगळं पुण्याहून बर्फात घालून आणू का. आणू नकोस. फिश सॉसची बाटली तेवढी आण. बाकीचं तिथंच जमेल आणि चांगलं जमेल.

व्हिएतनामला जे खाल्लंस ते दादा-वहिनींना स्वतःच्या हाताने करून घालावं असं तुला वाटलं, याचा मला फार आनंद झाला. म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

आधी काय करायचंय ते नीट समजून घे. तू सायगॉनमध्ये खाल्लंस ते बून थित नुआंग. वाडग्याच्या तळाशी कच्चा पाला आणि काकडी, त्यावर तांदळाच्या थंड शेवया, त्यावर निखाऱ्यावरून नुकतंच उतरवलेलं मांस, वर भरडलेले दाणे, आणि खायच्या वेळी ओतायचं आंबट-गोड-खारं पातळ पाणी. उत्तरेला हनोईत याचं भावंड आहे, बून चा. तिथे भाजलेलं मांस त्या कोमट पाण्यातच बुडवून देतात, सोबत कच्च्या पपईच्या चकत्या, आणि शेवया व पाला वेगळ्या ताटात. 2016 साली बराक ओबामा आणि अँथनी बोर्डेन हनोईच्या एका साध्या खानावळीत प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून जेवले, ते हेच. पहिल्या खेपेला तू सायगॉनचं कर. ते सोपं आहे.

आपल्या वऱ्हाडी स्वयंपाकात चव रश्श्यात उतरते. मांस, मसाला, तेल, पाणी एका पातेल्यात तासभर नांदतात आणि एकमेकांचे होऊन जातात. या वाडग्यात रस्सा नाही. थंड आणि गरम, कच्चं आणि करपलेलं, गुळगुळीत आणि कुरकुरीत, हे सगळं घास तोंडात जाईपर्यंत वेगळं राहायला हवं. एवढं सांभाळलंस तर वस्तू खुशाल बदल. डुकराऐवजी कोंबडी चालेल, समुद्राऐवजी धरणाचा मासा चालेल. पण शेवया गरम वाढल्यास, पाला शिजवलास, किंवा मांसाला काळा मसाला चोळलास, तर उत्तम टायगर प्रॉन्स आणूनही तो पदार्थ होणार नाही. वहिनी प्रेमाने म्हणेल, जरा तिखट टाक, फिक्कं दिसतंय. तिला पानात ठेचा वेगळा वाढ, मांसात टाकू देऊ नकोस.

आता शेवया. वहिनी उन्हाळ्यात करते त्या गव्हाच्या शेवया इथे चालत नाहीत, मैद्याचे हक्का नूडल्स तर अजिबात नाहीत. तांदळाच्याच हव्यात. पाकीट मिळालं तर बारीक शेवयांवर उकळतं पाणी ओतून झाकून ठेव. जाड असतील तर मात्र उकळाव्या लागतात. एक शेवई दाताखाली घेऊन बघ. मधे खडा लागत नसेल तर लगेच चाळणीत ओत, थंड पाण्याखाली हाताने हलवत धू आणि निथळत ठेव. धुतल्याशिवाय वरचं चिकट पीठ जात नाही आणि शेवयांचा गोळा होतो.

पाकीट नाही मिळालं तर आमच्या कोकणातली रीत वापर. इथे आम्ही शिरवाळे करतो. तांदळाच्या पिठाची मोदकासारखी उकड काढायची, तिचे मुठीएवढे गोळे करून उकळत्या पाण्यात शिजवायचे, वर तरंगायला लागले की गरमागरम साच्यात घालून दाबायचे. आम्ही ते नारळाच्या गोड रसात खातो. व्हिएतनाममध्ये भिजवलेला तांदूळ ओलाच वाटून, किंचित आंबवून, त्याच्या शेवया थेट उकळत्या पाण्यात पाडतात. रीत थोडी वेगळी आहे, पण तांदूळ तोच आणि शेवयांचा मऊपणाही तोच. तुमच्या घरी लाकडी साचा नसेल, पण चकलीचा सोऱ्या असेलच. त्याला शेवेची बारीक ताटली लाव, आतून तेल पुसून घे. गोळा गार झाला की दाबला जात नाही, म्हणून दादांना दाबायला बसव आणि तू गोळे पुरव. पडलेल्या शेवया ओल्या फडक्याखाली गार होऊ दे. त्या धुवायच्या नाहीत, तुटतात. बासमतीचं पीठ घेऊ नकोस. आणि त्याच दिवशी संपव, दुसऱ्या दिवशी त्या कडक होतात.

माशाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय. जाळीवरची कोळंबी तुझ्या मनात बसलीय ते मी समजू शकते. पण मोताळा समुद्रापासून किती आत आहे ते बघ. ताजी म्हणून जी कोळंबी तिथवर येईल, तिने बर्फात किती वेळ काढला असेल आणि वाटेत तो बर्फ किती वेळा वितळला असेल, हे तुला कळायचा मार्ग नाही. घ्यायचीच तर चांगल्या फ्रीझरमधलं बंद पाकीट घे, रात्रभर फ्रीजमध्येच सुटू दे, आणि अमोनियासारखा वास आला तर विचार न करता टाकून दे. स्क्विड यादीतून काढूनच टाक.

त्यापेक्षा मरळ घे. नळगंगा धरण तुमच्याच तालुक्यात आहे. तिथला मासा सकाळी काढलेला दुपारी तुझ्या जाळीवर येऊ शकतो. आणि ही तडजोड आहे असं मनात आणू नकोस. मेकाँग नदीच्या मुखाकडचा सगळा प्रदेश नद्या, कालवे आणि भातखाचरांचा आहे, आणि तिथला लाडका मासा मरळच आहे. तिला तिकडे ‘का लोक’ म्हणतात. अख्खी मरळ काठीत खोचून भाताच्या पेंढ्याच्या जाळात भाजतात, वरची काळी साल खरवडतात आणि आतलं पांढरं मांस शेवया, पाला आणि आंबट पाण्याबरोबर खातात. मरळीत बारीक काटे फार कमी. रोहू-कटला चवीला चांगले, पण त्यांचे बारीक दुफाटी काटे शेवयांत दिसत नाहीत आणि घशात अडकतात. लहान मुलं जेवायला असतील तर रोहू घेऊच नकोस.

मरळीसाठी मी तुला हनोईची रीत सांगते. तिथे चा का नावाचा पदार्थ आहे. तो इतका मानाचा की जुन्या हनोईतल्या एका रस्त्याला त्याचंच नाव आहे. गोड्या पाण्यातल्या माशाचे तुकडे हळद लावून भाजतात, मग तव्यावर तेलात भरपूर शेपू आणि कांद्याची पात टाकून त्यात परततात आणि तांदळाच्या शेवयांवर दाण्यांसकट वाढतात. हळद, शेपू, पात, शेंगदाणे. हिवाळ्यातल्या मोताळ्याच्या बाजारात यातलं काय मिळत नाही? काटा काढलेले दोन बोटं जाडीचे तुकडे कर. त्यांना अर्धा चमचा हळद, किसलेलं आलं, चमचाभर दही, फिश सॉस आणि तेल लाव. दही मी सांगतेय कारण तिथे आंबवलेल्या भाताचा आंबटपणा असतो, तो दह्याने जवळपास साधतो. अर्धा-पाऊण तास पुरे. जाळीवर कडा तांबूस झाल्या की तव्यावर घे, शेपू आणि पात टाक, पात मावळली की उतरव. शेपू जुडीभर घे, चिमूटभर नाही. हळदीला मी इथे परवानगी देतेय कारण ती हनोईच्या पदार्थातच आहे. कोंबडीला लावू नकोस.

कोंबडीचं थोडक्यात सांगते. तंगडीचं बिनहाडाचं मांस घे, चौघांना पाऊण किलोच्या आसपास. छातीचं मांस निखाऱ्यावर कोरडं पडतं. बोकडाचं घ्यायचं दादांनी मनात आणलं तर पातळ काप आणि कच्च्या पपईचा कीस लागेल, पहिल्या खेपेला त्यात पडू नकोस. कोंबडीला ठेचलेला लसूण, बारीक कांदा, मिरपूड, दोन चमचे फिश सॉस, दीड चमचा साखर, चमचाभर तेल आणि गवती चहा. हो, तुझा लेमनग्रास म्हणजे तोच, वहिनीच्या परसातला. पण चहात टाकतो ती पात इथे कामाची नाही. जुडगा मुळाशी कापून काढ, बुडाचा पांढरट भाग घे, वरची जून सालं सोल आणि आतला कोवळा गाभा अगदी बारीक चिरून वाट. दोरे राहिले तर दातात अडकतात. लिंबू यात पिळू नकोस, ते पाण्यात येणार आहे.

थाई बेसिल. दारातली तुळस तोडू नकोस, तिचा उग्रपणा वेगळा आहे. फालुद्यात घालतात तो सब्जा आण आणि कुंडीत पेर. सब्जा आणि थाई बेसिल एकाच जातीची झाडं आहेत, वासात फरक असेल पण सूर जुळेल. आज पेरलास तर तू हिवाळ्यात घरी येईपर्यंत पानं हाताशी येतील, वहिनीला फोन करून सांग. सोबत पुदिना आणि कोथिंबीर भरपूर. मुळा आणि गाजर काडीसारखे चिरून त्यांना मीठ चोळ, पाणी सुटलं की पिळून व्हिनेगर-साखरेच्या पाण्यात तासभर ठेव. मुगाला मोड काढलेस तर ते कच्चे घालू नकोस, उकळत्या पाण्यातून काढ. पाला तीन-चार पाण्यांतून धू, शेवटचं पाणी पिण्याचं असू दे. हा पाला आपण शिजवणार नाही, म्हणून इथे आळस चालणार नाही.

दाणे खमंग भाजून जाडसर भरड. मिक्सरमध्ये कूट केलास तर शेवयांना लगदा चिकटतो.

वरून ओतायचं पाणी असं. एक वाटी साखर, चार वाट्या कोमट पाणी, आधी साखर विरघळव. मग एक वाटी लिंबाचा रस, एक वाटी फिश सॉस. लसूण आणि मिरची बारीक चिरून सगळ्यात शेवटी टाक. चौघांना याच्या निम्मंसुद्धा पुरेल, वाटी लहान घे. बाटलीतलं हे खारं पाणी म्हणजे अँचोव्ही जातीचे चिमुकले मासे आणि मीठ लाकडी पिंपात वर्षभर मुरवून काढलेला अर्क. फु क्वोक बेटाचा विशेष नावाजलेला. 2012 साली युरोपीय संघानेही त्या नावाला संरक्षण दिलं. लेबलवर मासे, मीठ आणि फार तर साखर एवढंच असेल ती बाटली घे. घरी कुणाला बाटली हुंगू देऊ नकोस. नुसता वास जड आहे, लिंबात मिसळला की तो वास राहत नाही, चव राहते. बाटली आणायची राहिलीच तर सुके झिंगे भाजून, मिठाच्या पाण्यात उकळून गाळून घे. तसंच होणार नाही, पण वाडगा चांगला लागेल.

आगीसाठी बाभळीचे कोळसे घे. शेतातल्या पऱ्हाट्या सरपण म्हणून आयत्या पडलेल्या असतात, पण कपाशीवर हंगामभर फवारे बसलेले असतात. त्या धुरावर खायचं भाजू नकोस. गोवऱ्यांच्या हारात रोडगे छान होतात, या मांसाला तो वास नको. कोळशांवर राखेचा पांढरा पापुद्रा आला की मगच जाळी ठेव. साखर लावलेलं मांस ज्वाळेवर बाहेरून जळतं आणि आत कच्चं राहतं. चरबी पडून ज्वाळ उठली तर जाळी बाजूला सरकव, पाणी मारू नकोस. दोन झडपांची जाळी मिळाली तर उत्तम, एका हाताने उलटता येते. आणि हे सगळं अंगणात किंवा गच्चीवर. थंडी आहे म्हणून शेगडी खोलीत घेऊन दार लावणं जिवावर बेततं, कोळशाचा विषारी वायू वासाने कळत नाही. याबाबतीत माझं ऐकच.

वहिनी माळकरी. तिला नुसता पाला-शेवया वाढून बसवू नकोस. व्हिएतनाममध्ये कितीतरी बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला शाकाहार पाळतात, त्यामुळे याचं शाकाहारी रूप तिथं घरोघरी आहे. सोयाबीनचं पनीर आणि मशरूम, त्याच गवती चहाच्या वाटणात, फिश सॉसऐवजी सोया सॉस. तिची जाळी वेगळी, तिचं पाणी वेगळं, आणि तिचं भाजणं सगळ्यांच्या आधी, कोळशावर चरबीचा थेंबही पडण्यापूर्वी. तिचा वाडगा पहिला भर.

वाढताना सगळं ओट्यावर मांडून ठेव आणि मांस शेवटी भाज. सगळे पानावर बसल्यावरच जाळी कोळशावर चढव. हा बेत गुरुवारी घालू नकोस, दादा त्या दिवशी खात नाहीत. रविवार धर, आणि मरळीसाठी मासेवाल्याला शुक्रवारीच सांगून ठेव, ती रोज येत नाही.

तुझी,
आत्या